चोरीला गेलेल्या लॅपटॉपचा माग कसा लागतो? मॅक ॲड्रेस, आयपी आणि सिरीयल नंबरचा खरा उपयोग किती?

मार्च २०११. अमेरिकेतील ओकलंड शहरात एका तरुण डिझायनरच्या घरातून मॅकबुक चोरीला गेले. त्यात त्याने ट्रॅकिंग सॉफ्टवेअर आधीच टाकले होते. काही दिवसांतच लॅपटॉप वापरणाऱ्याचे फोटो आणि स्क्रीनशॉट त्याच्याकडे येऊ लागले. एका फोटोत तो माणूस सोफ्यावर झोपलेला, तर एका स्क्रीनशॉटमध्ये स्वतःच्या ईमेलमध्ये लॉग-इन करताना. तरीही पोलिसांकडून दोन महिने हालचाल झाली नाही. मालकाने फोटो इंटरनेटवर टाकले, प्रकरण गाजले आणि एका टॅक्सीचालकाला अटक झाली.

माग हाती असणे आणि लॅपटॉप हाती येणे, यात एवढे अंतर असते.

मॅक ॲड्रेसवरून लॅपटॉप सापडतो?

बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. प्रत्येक वाय-फाय कार्डला १२ अंक-अक्षरांचा मॅक ॲड्रेस असतो आणि त्यातील पहिल्या सहावरून साधारणपणे कार्ड बनवणारी कंपनी कळते. त्यामुळे तो लॅपटॉपच्या आधार क्रमांकासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो घरातल्या हाकेच्या नावासारखा आहे. घरात ‘बाळ्या’ म्हटले की कळते, बँकेत ते नाव चालत नाही. मॅक ॲड्रेस राउटरपर्यंतच जातो. पुढे इंटरनेटवर वेबसाइटला किंवा गुगलला तो दिसत नाही. ‘मॅक ॲड्रेस द्या, जगात कुठेही शोधून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

अपवाद एक. हॉस्टेल, कॉलेज किंवा ऑफिसमधून लॅपटॉप गेला आणि चोर आतलाच असेल, तर तो त्याच वाय-फायला पुन्हा जोडला जाऊ शकतो. तेथील नेटवर्क सांभाळणाऱ्याला नोंदीत तो मॅक ॲड्रेस दिसतो, अगदी कोणत्या मजल्यावर जोडला गेला हेही कळू शकते. मात्र मॅक ॲड्रेस बदलता येतो, हेही लक्षात ठेवायला हवे.

मग पोलिस काय शोधतात?

आयपी ॲड्रेस आणि वेळ. लॅपटॉप चालू होऊन तुमचे जीमेल किंवा मायक्रोसॉफ्ट खाते इंटरनेटला जोडले गेले, की त्या कंपनीकडे आयपीची नोंद होते. जीमेल संगणकावर उघडल्यास अगदी खाली ‘डिटेल्स’मध्ये अलीकडचे आयपी दिसतात. पण तो आयपी कोणाच्या नावावर होता, हे इंटरनेट कंपनी तुम्हाला सांगणार नाही. त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली पोलिसांनी माहिती मागवावी लागते.

येथे घोळ वेळेचा होतो. एकच आयपी एकाच वेळी अनेक ग्राहकांना वाटलेला असतो, विशेषतः मोबाइल इंटरनेटवर. त्यामुळे सेकंदापर्यंतची वेळ आणि शक्य असल्यास पोर्ट क्रमांकही लागतो. शिवाय परदेशी कंपन्यांच्या नोंदी अनेकदा यूटीसी वेळेत असतात. भारतीय वेळ त्यापुढे साडेपाच तास. हा फरक विसरला तर पोलिस भलत्याच घराची बेल वाजवतील.

फॉरमॅट केला तर?

खाते पुसले जाते, सिरीयल नंबर मात्र मदरबोर्डमध्ये राहतो. तो आपणहून कोणाला ठिकाण कळवत नाही. पण लॅपटॉप दुरुस्तीला किंवा जुन्या मालाच्या दुकानात सापडला, तर तो तुमचाच आहे हे त्यावरूनच सिद्ध होते. नवीन मॅकबुकमध्ये ‘फाइंड माय’ चालू असेल तर पुसल्यानंतरही मूळ मालकाचा पासवर्ड मागितला जातो.

विंडोजमधील ‘फाइंड माय डिव्हाइस’ही चोरीआधीच चालू असावे लागते. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ते मिळेल. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट खाते आणि लोकेशन, दोन्ही लागतात.

चोरी झाल्यावर पहिल्या तासात

खात्यांमधील ठिकाण, आयपी आणि वेळ यांचे स्क्रीनशॉट आधी घ्या, मग पासवर्ड बदला. घाईघाईत यादीतून तो लॅपटॉपच काढून टाकू नका, मागही त्याबरोबर जातो. मात्र डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल आणि बँकेचे पासवर्ड त्यात असतील, तर माग बाजूला ठेवून आधी तेच बदला.

तक्रार जवळच्या पोलिस ठाण्यात करा. ऑनलाइन कळवल्यास तीन दिवसांत सही करावी लागते. १९३० हा क्रमांक आर्थिक फसवणुकीसाठी आहे, चोरीसाठी नाही. ‘संचार साथी’वरील ब्लॉक करण्याची सोय मोबाइलच्या आयएमईआयवर चालते, साध्या लॅपटॉपला आयएमईआय नसतोच. आणि नकाशावर पत्ता दिसला म्हणून एकट्याने तिथे जाऊन दार ठोठावू नका. आतला माणूस चोर नसून, फसून जुना लॅपटॉप घेतलेला ग्राहकही असू शकतो.

तक्रारीत सिरीयल नंबर लागतोच. लॅपटॉपसोबत तळाचे स्टिकरही गेलेले असते. तो खोक्यावर आणि अनेकदा बिलावर सापडतो. दोन्ही रद्दीत गेले असतील तर दुकानदाराकडे किंवा ऑनलाइन खरेदीच्या जुन्या ऑर्डरमध्ये बघा. लॅपटॉप अजून तुमच्याजवळ असेल, तर तो उलटा करून स्टिकरचा फोटो आत्ताच काढा.