जॅझ संगीतातील चेलो

चेलो (पूर्ण नाव व्हायोलोनचेलो) हे व्हायोलिनच्या कुळातील, गजाने वाजवले जाणारे चार तारांचे पाश्चात्त्य तंतुवाद्य आहे. अभिजात पाश्चात्त्य संगीतात त्याला मानाचे स्थान असले, तरी जॅझ संगीतात ते दीर्घकाळ अपवादानेच ऐकू आले. विसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेतील काही वादकांनी त्याला एकलवादनाचे वाद्य म्हणून जॅझमध्ये आणले. मुंबईत चेलोवादक आणि जॅझवादक हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात अनेक वर्षे शेजारी बसून वाजवत होते. तेथे चेलोची भूमिका मात्र वेगळी राहिली.

रचना आणि स्वरमेळ

चेलोचा मुख्य कोठा सुमारे 75 सेंटिमीटर लांबीचा असतो. वादक खुर्चीवर बसून वाद्य दोन्ही गुडघ्यांमध्ये धरतो आणि ते खालच्या टोकदार दांडीवर जमिनीला टेकवतो. त्याच्या तारा खालून वर सी, जी, डी आणि ए या स्वरांत लावतात. लगतच्या दोन तारांत षड्ज-पंचमाचे अंतर असते. जॅझमध्ये तालाचा व खर्जाचा आधार देणाऱ्या डबल बासच्या तारांत मात्र षड्ज-मध्यमाचे अंतर असते. त्यामुळे एका वाद्यावर बसलेली बोटांची सवय दुसऱ्या वाद्यावर तशीच चालत नाही.

चेलोचा आवाज पुरुषाच्या गळ्याच्या पट्टीत सुरू होऊन स्त्रीच्या गळ्याच्या पट्टीपर्यंत जातो. जॅझ वाद्यवृंदात याच पट्टीत टेनर सॅक्सोफोन आणि ट्रॉम्बोन ही दमदार वाद्ये असतात. ट्रम्पेट आणि ड्रम्सच्या गजरात गजाने काढलेला चेलोचा सूर दबतो आणि बोटाने छेडलेला सूर लवकर विरतो. डबल बास खर्जात एकटा असल्यामुळे त्याची जागा पक्की झाली. चेलोला ती मिळण्यासाठी मायक्रोफोनची आणि लहान वाद्यमेळाची वाट पाहावी लागली.

जॅझमधील प्रवेश

चेलोवरील पहिल्या जॅझ एकलवादनाचे श्रेय सामान्यतः हॅरी बाबासिन यांना दिले जाते. पियानोवादक डोडो मार्मरोसा यांच्यासमवेत 1947 मध्ये झालेल्या ध्वनिमुद्रणात त्यांनी बोटांनी छेडून चेलो वाजवला. प्रख्यात बासवादक ऑस्कर पेटिफोर्ड यांचा 1949 मध्ये बेसबॉल खेळताना हात मोडला. बरे होत असताना मोठा बास पेलणे अवघड असल्याने ते चेलोकडे वळले. त्यांनी चेलोच्या ताराच बासप्रमाणे मध्यमाच्या अंतराने लावल्या. त्यामुळे बासवरील त्यांची बोटांची सवय एका सप्तकाने वरच्या स्वरात उपयोगी पडली. 1960 च्या सुमारास रे ब्राउन, सॅम जोन्स आणि डग वॉटकिन्स या बासवादकांनीही चेलोवर ध्वनिमुद्रणे केली.

दुसरी वाट अभिजात शिक्षण घेतलेल्या चेलोवादकांची होती. पाब्लो कासाल्स यांच्याकडे शिकलेले फ्रेड कॅट्झ 1955 मध्ये चिको हॅमिल्टन यांच्या पंचवादक संचात सामील झाले. या संचामुळे गजाने वाजवलेला चेलो जॅझच्या श्रोत्यांना परिचित झाला. 1957 च्या ‘स्वीट स्मेल ऑफ सक्सेस’ या चित्रपटातही हा संच दिसतो.

रॉन कार्टर यांनी बालपणापासून चेलोचे शिक्षण घेतले होते. अभिजात वाद्यवृंदांत कृष्णवर्णीयांना संधी नाकारली जात असल्याचा अनुभव आल्याने ते बासकडे आणि पुढे जॅझकडे वळले. एरिक डॉल्फी यांच्या ‘आउट देअर’ या 1960 मध्ये ध्वनिमुद्रित संग्रहात त्यांनी चेलो वाजवला आहे. ज्या वाद्यासाठी एका संगीताचे दार बंद होते, ते वाद्य त्यांनी दुसऱ्या संगीतात वाजवले. पुढील पिढीत अब्दुल वदूद यांनी बोटे आणि गज या दोन्हींचा मेळ घालून चेलोचे स्वतंत्र जॅझ वादनतंत्र घडवले. 1977 चा ‘बाय मायसेल्फ’ हा त्यांचा एकलवादनाचा संग्रह प्रसिद्ध आहे. समकालीन चेलोवादक टोमेका रीड यांना 2022 मध्ये मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली.

मुंबईतील जॅझ आणि चित्रपट-वाद्यवृंद

मुंबईत 1935 मध्ये लिऑन ॲबी यांचा आफ्रिकी-अमेरिकी बँड ताजमहाल हॉटेलात आला आणि तेथील जॅझला चालना मिळाली. लवकरच गोमंतकीय वादकांनी हे संगीत आत्मसात केले. गोव्यातील चर्चच्या संगीतशाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. या शिक्षणाला गोव्यात पुरेशी उपजीविका नव्हती. म्हणून अनेक वादक मुंबईस येत आणि गावाच्या नावाने चालणाऱ्या ‘कुडां’मध्ये राहत. रात्री हॉटेलातील बँडमध्ये जॅझ आणि दिवसा चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणात वादन, असा अनेकांचा दिनक्रम होता. 1949 च्या दारूबंदी कायद्यानंतर रात्रीच्या क्लबांचे उत्पन्न घटले आणि चित्रपटांतील कामाचे महत्त्व वाढले.

ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट (आंतोनियो शाव्हियेर वाझ) यांनी संगीतकार सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम केले. ‘अलबेला’ (1951) मधील गाण्यांत नृत्यबँडची ही शैली स्पष्ट ऐकू येते. सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे संयोजक (अरेंजर) संगीतकाराची चाल स्वरलिपीत उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग लिहून देत. व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांचा ताफा या लिखित भागांवर चाले. चेलोकडे बहुधा स्वरसंगतीचा भरणा किंवा गायकाच्या ओळीमागे चालणारी प्रतिधून येई.

चेलोवर जॅझचे एकलवादन येथे का रुजले नाही, याचे उत्तर या कार्यपद्धतीत आहे. जॅझचा प्राण उपज, म्हणजे ऐन वेळी सुचणारी स्वररचना. ती संधी प्रामुख्याने ट्रम्पेट, सॅक्सोफोन, पियानो आणि गिटार यांना मिळे. चेलोवादकाने मात्र समोरचा कागद अचूक वाचावा, अशी अपेक्षा असे. जॅझमधील स्वरसंगती लिखित रूपाने चेलोपर्यंत पोहोचली, पण उपज पोहोचली नाही.

तरीही या दोन्ही जगांचा निकट संबंध दिसतो. चेलोवादक बासुदेव चक्रवर्ती आणि सॅक्सोफोनवादक मनोहारी सिंह हे दोघे राहुल देव बर्मन यांचे सहायक होते. ‘बासू-मनोहारी’ या नावाने त्यांनी ‘सबसे बडा रुपैया’ (1976) या चित्रपटाला संगीत दिले. चेलोवादकाला येथे वाद्यसंयोजक आणि संगीतकार होण्याची वाट मिळाली.

उपनगरांशी संबंध

विसाव्या शतकात चित्रपटव्यवसायाचे बरेचसे केंद्र मुंबईच्या पश्चिम उपनगरांत होते. मालाडला बॉम्बे टॉकीज, गोरेगावला फिल्मिस्तान, अंधेरीला मोहन स्टुडिओ आणि वांद्र्याला मेहबूब स्टुडिओ ही त्यांतील ठळक नावे. बर्मन यांचे निवासस्थान सांताक्रूझला होते. वांद्रे, मालाडचे ऑर्लेम आणि बोरिवलीची आय. सी. कॉलनी येथे ख्रिस्ती समाजाची मोठी वस्ती आहे. पाश्चात्त्य वाद्ये शिकण्याची परंपरा या वस्त्यांत चर्चच्या आधाराने टिकून राहिली.

ऱ्हास आणि नोंदींचा प्रश्न

1980 च्या दशकाच्या अखेरीपासून सिंथेसायझरवर तंतुवाद्यांच्या ताफ्याचा आभास निर्माण करणे स्वस्त आणि सोपे झाले. अनेक मार्गिकांवरील ध्वनिमुद्रणामुळे वादकांनी एकत्र बसण्याची गरजही कमी झाली. मोठे वाद्यवृंद आक्रसले. कमी पट्टीची, संख्येने थोडी वाद्ये असलेल्या चेलोवादकांना याची झळ बसली. काम गेले, तसे नव्या वादकाला ज्येष्ठांशेजारी बसून शिकण्याचे ठिकाणही गेले.

चित्रपटांच्या श्रेयनामावलीत आणि ध्वनिमुद्रिकांवर वाद्यवृंदातील वादकांची नावे सहसा छापली जात नसत. त्यामुळे एखाद्या गाण्यातील चेलो कोणाचा, हे ठरवण्यासाठी वादकांच्या आठवणींवर अवलंबून राहावे लागते. ग्रेगरी बूथ यांचे ‘बिहाइंड द कर्टन’ (2008) हे चित्रपट-वादकांच्या मुलाखतींवर आधारित पुस्तक आणि नरेश फर्नांडिस यांचे मुंबईच्या जॅझवरील ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (2012) ही या दृष्टीने महत्त्वाची आहेत. त्या काळातील बरेच वादक आता हयात नाहीत. म्हणून कुटुंबांकडे उरलेली छायाचित्रे आणि हस्तलिखित स्वरलिपीचे कागद हे या इतिहासाचे मौल्यवान साधन ठरतात.