फुकट्यांचा संप

२१ मार्च २००८, गुड फ्रायडे. लाइव्हजर्नल नावाच्या संकेतस्थळावर रोज काही ना काही खरडणाऱ्या मंडळींपैकी बऱ्याच जणांनी त्या दिवशी चोवीस तास लेखणी खाली ठेवायची असं ठरवलं होतं. नवी नोंद टाकायची नाही, कुणाच्या नोंदीखाली प्रतिक्रिया द्यायची नाही.

संप तसा विचित्रच होता. यातल्या कित्येकांनी कंपनीला कधी छदाम दिलेला नव्हता आणि तिच्याकडून छदाम घेतलाही नव्हता. शिवाय ज्या निर्णयावरून सगळे खवळले होते, त्याची झळ त्यांना स्वतःला लागणारच नव्हती. जाहिरात नसलेलं फुकट खातं कंपनीने बंद केलं होतं ते यापुढे येणाऱ्यांसाठी. जुन्या खात्यांना हात लावलेला नव्हता. मग एवढा गहजब कशाला? फुकट खाणाऱ्याने वर ताट कसं वाढलंय याची तक्रार करावी, हा उर्मटपणाच झाला, असं बाहेरून बघणाऱ्या अनेकांचं मत पडलं. मला ते पटत नाही. हिशेब कंपनीचा चुकला होता, फुकट्यांचा नव्हे.

ब्रॅड फिट्झपॅट्रिक हा अमेरिकेतला मुलगा सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिकत असताना त्याने १९९९ च्या एप्रिलात लाइव्हजर्नल सुरू केलं. शाळेतल्या दोस्तांना एकमेकांची खबरबात कळत राहावी, एवढाच उद्देश. फेसबुक जन्मायला अजून जवळपास पाच वर्षं होती. लिहायच्या चौकटीजवळ दोन छोटे रकाने असत. एकात सध्याचा मूड भरायचा, दुसऱ्यात सध्या ऐकत असलेलं गाणं. मूड यादीतून निवडला की त्याच्याशेजारी एक इवलंसं चित्र उमटे. नोंद साऱ्या जगाला दाखवायची, फक्त मित्रांना दाखवायची, की मित्रांतल्याही निवडक चौघांना, हे दर नोंदीला वेगळं ठरवता येई. कुलूपबंद नोंदीच्या मथळ्याशी छोटंसं कुलूप दिसे. प्रतिक्रियेला उत्तर, त्या उत्तराला उत्तर, अशी चर्चा पायऱ्यापायऱ्यांनी उजवीकडे सरकत जाई आणि वाद रंगला की शेवटच्या पायरीला ओळीत दोनतीनच शब्द मावत. आज आपण समाजमाध्यमांवर ज्या सोयी गृहीत धरतो त्यातल्या बऱ्याचशा इथे आधीच रुळलेल्या होत्या. अगदी मनातलं, घरातलं, कुणाला न सांगण्यासारखं लिहिलं जाई ते त्या कुलपाच्या भरवशावर. अशा पानावर वजन घटवण्याच्या गोळ्यांची जाहिरात लुकलुकू लागली तर काय होईल, याचा विचार करून बघा.

मग खर्च कोण भागवत होतं? ज्यांना जास्तीच्या सोयी हव्या होत्या ते पैसे भरत. नावापुढे लावायला जास्त चित्रं, पानाच्या सजावटीला जास्त मोकळीक, असल्या त्या सोयी. पैसे भरणारे थोडे, फुकट वापरणारे उदंड. पण थोड्यांच्या पैशांत सगळ्यांचं भागत होतं. भागेनासं होऊ लागलं तेव्हा फिट्झपॅट्रिकने जाहिराती घेतल्या नाहीत, दार किलकिलं केलं. २००१ च्या सप्टेंबरपासून २००३ च्या डिसेंबरपर्यंत नवं फुकट खातं हवं असेल तर आधीच्या सभासदाकडून निमंत्रणाचा संकेतांक मिळवावा लागे. नसेल ओळखपाळख, तर पैसे भरून आत या. वाढ रोखून खर्च आवाक्यात ठेवायचा हा मार्ग आजच्या गुंतवणूकदाराला ऐकूनच घेरी येईल.

दुसरा मार्ग तंत्रज्ञानाचा. सर्व्हर वाढवायला पैसे नाहीत, तर आहे त्या सर्व्हरकडून जास्त काम काढून घ्यायचं. सारखी सारखी लागणारी माहिती दर वेळी डेटाबेसमधून उपसण्याऐवजी संगणकांच्या स्मृतीत हाताशी ठेवणारी मेमकॅश्ड नावाची प्रणाली २००३ साली याच गरजेतून लिहिली गेली. ती सगळ्यांना खुली करून दिली होती. पुढे फेसबुकपासून विकिपीडियापर्यंत सगळ्या मोठ्यांनी ती वापरली. पैशांची चणचण नसती तर ती कदाचित लिहिलीच गेली नसती.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. लाइव्हजर्नलवर अडचण आली की मदत करायला स्वयंसेवक असत. पासवर्ड विसरलेल्यापासून पानाची मांडणी विस्कटलेल्यापर्यंत सगळ्यांच्या शंका ते बिनपगारी निस्तरत. मेनूचे आणि सूचनांचे वेगवेगळ्या भाषांत अनुवादही अशाच लोकांनी केले. या साऱ्याच्या बदल्यात मालकाने एक लेखी वचन दिलं होतं. संकेतस्थळावर 'सामाजिक करार' या नावाचं एक पानच होतं आणि जाहिरातींना इथे कधीच जागा देणार नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलं होतं. कायद्याच्या दृष्टीने त्या पानाला किती किंमत होती, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. पडायला हवा होता.

२००५ च्या जानेवारीत फिट्झपॅट्रिकने आपली कंपनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिक्स अपार्टला विकली. वर्षभराने, २००६ च्या एप्रिलात, 'प्लस' नावाचं खातं आलं: जाहिराती सहन करा, थोड्या जास्त सोयी घ्या. सक्ती नव्हती, साधं फुकट खातं जसं होतं तसंच राहिलं. पण वचनाचं पान मात्र तोवर गुंडाळलेलं होतं. पुढच्या वर्षी मे महिन्यात एका बाहेरच्या गटाने बाललैंगिक शोषणासंबंधी तक्रार केली आणि कंपनीने घाईघाईत सुमारे पाचशे खाती बंद केली. बंद खात्याच्या नावावर आडवी रेघ मारलेली दिसे, म्हणून त्या प्रकरणाला 'स्ट्राइकथ्रू' म्हणू लागले. त्या रेघेखाली नाबोकोव्हच्या 'लोलिता' कादंबरीची चर्चा करणारा स्पॅनिश वाचकगटही आला, अत्याचारातून सावरलेल्यांचे आधारगटही आले. कंपनीच्या प्रमुखाने जाहीर माफी मागितली आणि बरीच खाती परत उघडली, पण आपली वही दुसऱ्याच्या कपाटात आहे ही जाणीव पक्की झाली. काही महिन्यांत फिट्झपॅट्रिक गूगलमध्ये गेला आणि २००७ च्या डिसेंबरात लाइव्हजर्नल पुन्हा विकलं गेलं. या वेळी घेणारी होती मॉस्कोची सुप ही कंपनी.

मॉस्कोचं नाव ऐकून आश्चर्य वाटेल, पण रशियात लाइव्हजर्नलला अमेरिकेपेक्षा फार मोठं स्थान होतं. तिथे त्याला 'झे-झे' म्हणत, रशियन नावाची दोन आद्याक्षरं. अमेरिकेत ते कुमारवयीनांच्या रोजनिशीचं आणि कादंबऱ्या-मालिकांवर स्वतःच्या कथा रचणाऱ्या चाहत्यांचं ठिकाण होतं. रशियात लेखक, पत्रकार, राजकारणी तिथे लिहीत. विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांचं नाव गाजलं तेही आधी तिथल्या ब्लॉगमुळे. सुपने सूत्रं घेताना शंका मिटवण्यासाठी सल्लागार मंडळ नेमलं. त्यात खुद्द फिट्झपॅट्रिक, कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग, डॅना बॉइड आणि एस्थर डायसन अशी वजनदार नावं होती.

आणि तीनच महिन्यांत, १२ मार्च २००८ ला, नवं खातं उघडायच्या पानावरून साध्या खात्याचा पर्याय गेला. नव्या माणसाने जाहिरातींसह यावं, नाहीतर पैसे भरावेत. नोंदणी सुटसुटीत करायची होती, असं कारण सांगण्यात आलं. तीनातला एक पर्याय काढला की नोंदणी सुटसुटीत होते हे खरंच, पण नेमका हाच पर्याय का नकोसा झाला हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. सल्लागारांनाही नीट विचारलेलं नव्हतं. फिट्झपॅट्रिकने ते जाहीरपणे सांगितलं. त्याच सुमारास लोकांच्या आवडत्या विषयांच्या जाहीर यादीतून नैराश्य, उभयलैंगिकता, फॅनफिक्शन असे काही शब्द गुपचूप गाळले गेल्याचं लोकांच्या लक्षात आलं. जाहिरातदाराला दाखवायचं दुकान असं झाडून-पुसून ठेवलं जात होतं.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ नव्हती. जाहिरातीचं उत्पन्न पान किती वेळा उघडलं यावर ठरतं. साध्या खात्याचं पान हजार वेळा उघडलं तरी कंपनीच्या पदरात शून्य, वीज आणि जागेचा खर्च मात्र तिच्याच माथी. हिशेबाच्या वहीत हे खातं म्हणजे निव्वळ तूट. कुठल्याही नव्या मालकाची नजर आधी तिकडेच जाणार.

पण त्या वहीत दोन गोष्टींचा रकानाच नव्हता. पैसे भरणारा सभासद पैसे कशाचे भरत होता? जास्तीच्या चित्रांचे? तो भरत होता आपलं लिहिलेलं वाचायला, त्यावर भांडायला, दाद द्यायला तिथे माणसं होती म्हणून. ती माणसं बहुतांशी फुकट खात्यांवर होती. आणि जाहिरात दाखवायला जे पान लागतं त्यावरचा मजकूरही कंपनीचा नव्हता, याच लोकांचा होता. ज्याला ती गिऱ्हाईक समजत होती तोच तिचा माल पिकवत होता आणि दुकानाच्या गल्ल्यापाशी बिनपगारी बसतही होता.

जुन्या खात्यांना हात न लावून आपण समजूतदारपणा दाखवला, असं कंपनीला वाटलं असेल. सार्वजनिक गणेशोत्सवात वर्षानुवर्षं राबलेल्यांना यातली गोम लगेच कळेल. मंडळाचा नवा अध्यक्ष म्हणतो, जुने कार्यकर्ते आहेत तसे राहा, पण यापुढे मांडवात येणाऱ्या नव्या पोराने प्रायोजकाचा टी-शर्ट घालूनच यायचं. जुन्याच्या अंगावर कुणी काही चढवलेलं नसतं, तरी भडकतो तोच. आपण शेजारच्या पोरांना ज्या भरवशावर बोलावून आणलं, तो भरवसा दुसऱ्या कुणीतरी परस्पर मोडलेला असतो.

संपाचा आकड्यांत किती परिणाम झाला यापेक्षा मालकांचा सूर लोकांना जास्त झोंबला. सुपच्या वतीने बोलणारे अंतोन नोसिक हे रशियन इंटरनेटच्या पहिल्या पिढीतले नावाजलेले पत्रकार. धंदा बुडवण्याच्या धमक्या देणाऱ्यांपुढे नमतं घेणं धंद्याच्या दृष्टीने शहाणपणाचं नाही, अशा आशयाचं ते एका मुलाखतीत बोलून गेले. त्यांना मॉस्कोतल्या राजकीय कुरघोड्यांची सवय होती. अमेरिकेतल्या, कुलपाआड मनातलं लिहिणाऱ्या वाचक-लेखकांना ते ऐकून धक्काच बसला.

ऑगस्टमध्ये कंपनीने माघार घेतली, अर्धीमुर्धी. फुकट खातं नव्यांनाही परत मिळू लागलं, मात्र सभासद नसलेल्या पाहुण्याने त्या खात्याचं पान उघडलं तर त्याला जाहिरात दिसणार होती. सभासदांना त्रास नाही, पैसा बाहेरच्यांकडून. व्यवहार म्हणून तोडगा वाईट नव्हता, आणि तोच जर मार्चमध्ये विचारून-सवरून आणला असता तर बहुधा कुणी हूं की चूं केलं नसतं. पाच महिन्यांच्या हट्टात जे गेलं ते मात्र असल्या तोडग्याने परत येणारं नव्हतं, कारण दरम्यान लोकांनी आपापला संसार थाटायला घेतला होता.

लाइव्हजर्नलची मूळ आज्ञावली खुली होती, कुणीही उचलून वापरावी अशी. डेनिस पाओलुची आणि मार्क स्मिथ या तिथल्याच दोन माजी कर्मचाऱ्यांनी २००८ च्या जूनमध्ये ती घेऊन ड्रीमविड्थची घोषणा केली आणि ३० एप्रिल २००९ ला ते लोकांसाठी उघडलं. जाहिरात नाही, बाहेरचा गुंतवणूकदार नाही. पैसे भरणाऱ्या सभासदांच्या जिवावर बाकीचे फुकट. निमंत्रणाचे संकेतांकसुद्धा परत आले. आज्ञावलीवर काम करणाऱ्यांत बहुसंख्य बायका होत्या, आणि त्यातल्या अनेकींनी प्रोग्रॅमिंगचे पहिले धडे तिथेच गिरवले. खुल्या आज्ञावलीच्या प्रकल्पांत हे चित्र तेव्हा दुर्मिळ होतं. कथा लिहिणाऱ्या चाहत्यांनी २००७ मध्येच विनानफा संस्था काढली होती. सर्व्हर आपल्याच मालकीचे हवेत, हा तिचा आग्रह. तिचं 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे देणग्यांवर चालणारं कथाभांडार २००९ च्या नोव्हेंबरात सुरू झालं आणि २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथांच्या जगातला प्रतिष्ठेचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

वेगळी चूल मांडायची ताकद प्रत्येक समूहात नसते. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं तेव्हा तिथले मराठी कवितांचे, गडकिल्ल्यांचे, गावोगावच्या मित्रांचे समूह एकगठ्ठा उचलून दुसरीकडे मांडता आले नाहीत. आज्ञावली गूगलची, सर्व्हर गूगलचे. लाइव्हजर्नलच्या लोकांना नशिबाने आराखडा हाती मिळालेला होता, आणि तो दिला होता जाहिराती नको म्हणणाऱ्या त्या पहिल्याच मालकाने.

लाइव्हजर्नल अजून आहे. २०१६ च्या डिसेंबरात त्याचे सर्व्हर रशियात हलल्याचं लोकांच्या ध्यानात आलं, आणि २०१७ च्या एप्रिलात नव्या अटी आल्या: सारा कारभार रशियन कायद्याखाली, आणि अटी मान्य केल्याशिवाय स्वतःच्या खात्यात पाऊल टाकता येणार नाही. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्यासारखा वर्षानुवर्षं तिथेच लिहिणारा लोकप्रिय कादंबरीकारही २०१८ मध्ये स्वतःच्या संकेतस्थळावर गेला. ड्रीमविड्थवर तोवर एक सोय तयार होती. लाइव्हजर्नलवरच्या सगळ्या जुन्या नोंदी, त्यांच्याखालच्या प्रतिक्रियांसकट, ओढून आणायची. सर्व्हर हलले तेव्हा आणि नव्या अटी आल्या तेव्हा, दोन्ही वेळी तिथे इतकी झुंबड उडाली की आपली पाळी येण्याची वाट बघत थांबावं लागत होतं, आणि त्या रांगेतल्यांनाही खातं फुकटच मिळत होतं.