मध्ययुगीन संगीत, महाराष्ट्रातील

महाराष्ट्रातील मध्ययुगीन संगीताची माहिती मुख्यत्वे दोन संस्कृत ग्रंथांतून मिळते : कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा मानसोल्लास (सु. ११३१) व देवगिरीच्या शार्ङ्गदेवाचा संगीतरत्नाकर (तेरावे शतक). महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख मानसोल्लासात आहे. लोकगीताची राजाच्या ग्रंथात झालेली ही नोंद मोलाची होय.

शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा भास्कर दक्षिणेत आला. पिता सोढल यादवांच्या सेवेत होता. शार्ङ्गदेव स्वतः सिंघण यादवाच्या (कार. सु. १२१०–४७) पदरी हिशेबखात्याचा अधिकारी होता. याच सिंघणाने पन्हाळ्याच्या दुसऱ्या भोज शिलाहाराचा पराभव करून कोल्हापूरचा प्रदेश यादव राज्यास जोडला.

संगीतरत्नाकराचे अध्याय सात असून त्यांत स्वर, राग, प्रबंध, ताल, वाद्ये व नृत्य यांचे विवेचन आहे. रागांची संख्या २६४, देशी तालांची १२०. पूर्वी प्रसिद्ध असलेले राग व आपल्या काळी प्रचारात असलेले राग शार्ङ्गदेवाने वेगळे दाखविले आहेत, हे त्याचे वैशिष्ट्य. ‘तुरुष्क तोडी’, ‘तुरुष्क गौड’ ही नावे त्यात आढळतात. म्हणजे खल्‌जी सैन्य देवगिरीस येण्यापूर्वीच परकीय सुरावट दक्षिणेस परिचित झाली असावी.

प्रबंधाचे उद्‌ग्राह, मेलापक, ध्रुव व आभोग असे भाग असत. त्यांपैकी मेलापक व आभोग वगळता येत, ध्रुव मात्र अपरिहार्य. धृपदाचे स्थायी, अंतरा, संचारी व आभोग हे भाग याच रचनेशी नाते सांगतात. कोल्हापूरचे दरबारगायक अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांचे घराणेही मूळचे धृपदियांचेच.

त्याच सुमारास पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये लेओनँ व पेरोतँ यांचे बहुस्वरी गायन आकारास आले. तत्पूर्वी, अकराव्या शतकात, ग्वीदो दारेत्सो याने रेषांवर स्वर लिहिण्याची पद्धत रूढ केली होती. न ऐकलेले गीतही गायकास वाचून म्हणता यावे, हा तिचा हेतू. शार्ङ्गदेवानेही स्वराक्षरांत गीते लिहिली. परंतु गमक व उच्चार गुरुमुखातूनच शिकावयाचे असत.

स्वरस्थानांचा प्रश्न याहून बिकट आहे. बावीस श्रुती दाखविण्यासाठी शार्ङ्गदेवाने बावीस तारांच्या दोन वीणा सांगितल्या : एक अचल, दुसरी श्रुतिश्रुतीने उतरविण्याची. प्रत्येक तार आधीच्या तारेहून किंचित उंच असावी व दोहोंमध्ये अन्य ध्वनी नसावा, एवढाच निकष. तो कानाचा, तारेची लांबी त्याने दिलेली नाही. ती पुढे सतराव्या शतकात अहोबलाच्या संगीतपारिजातात येते. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये श्रुतींची गणिती प्रमाणे बसविण्याचा प्रयत्न केला, पं. वि. ना. भातखंडे यांना मात्र प्राचीन रागांचा आजच्या रागांशी मेळ बसणे अशक्य वाटले. मूळ ग्रंथात मापच नसल्याने भातखंड्यांचे मत अधिक ग्राह्य ठरते. नावे टिकली, रूपे पालटली.

ग्रंथावर सिंहभूपालाची सुधाकर व विजयानगरच्या कल्लिनाथाची कलानिधि (पंधरावे शतक) या टीका प्रसिद्ध आहेत. शास्त्र व प्रचलित गायन यांतील अंतराची चर्चा कल्लिनाथानेच केली आहे.