रोवणीची कंबर आणि मणक्यातली ‘गॅप’

पावसाने बांध्या भरल्या की गोंदिया जिल्ह्यातल्या दरेकशाच्या शिवारात धानाची रोवणी सुरू होते. पऱ्ह्यांची जुडी डाव्या हातात, पाय चिखलात, आणि कंबरेतून वाकून मागे मागे सरकत अख्खा दिवस. नवल असं की वाकलेलं असताना अनेकींचं फारसं दुखत नाही. दुखतं ते सरळ होताना. जेवणाच्या सुट्टीत बांधावर उभं राहायला गेलं की कंबर धरते, हात आपोआप मागे जातो आणि शेजारची सांगून मोकळी होते, “मणका सरकला तुझा.”

मणका असा उठता-बसता सरकत नाही. पाठीच्या कण्यात हलणारे मणके 24: मानेत 7, पाठीत 12, कंबरेत 5. दोन मणक्यांच्या मधे पुढच्या बाजूला गादी असते, ती सगळ्यांना माहीत आहे. मागच्या बाजूला डावा-उजवा असे दोन लहान सांधे असतात, त्यांचं नाव मात्र क्वचितच कानावर येतं. डॉक्टर त्यांना फॅसेट सांधे म्हणतात. घरावरची कवेलू जशी एकावर एक चढलेली असतात, तशी वरच्या मणक्याची टोकं खालच्यावर चढलेली असतात. गुडघ्यासारखीच या सांध्यांना कूर्चा, वंगणाचा द्रव आणि भोवती आवरण आहे, आणि त्या आवरणात वेदना नेणाऱ्या नसाही आहेत.

पुढे वाकलं की हे सांधे उघडतात आणि आवरण ताणलं जातं. सरळ झालं, त्यातही मागे झुकलं किंवा कंबर पिळली, की ते एकमेकांवर दाबले जातात. तासन्‌तास ताणलेले बंध दोन मिनिटांत मूळ मापावर येत नाहीत. त्यामुळे झटक्यात उभं राहिलं की चमक भरते. उपाय साधा आहे: अर्ध्या-पाऊण तासाने उठायचं, उठताना गुडघे वाकवून हात मांडीवर टेकवायचे, सावकाश सरळ व्हायचं आणि चार पावलं चालून पुन्हा वाकायचं. मुकादम कुरकुर करील, पण दुपारनंतरचं काम त्यानेच नीट होतं.

मणका खरोखर पुढे सरकण्याचा एक आजार आहे. तो एक्स-रेत दिसतो, बहुधा वर्षानुवर्षे तसाच राहतो आणि कुणाच्या लाथेने जागेवर येत नाही. हे सांगायचं कारण पायाळू. पायाकडून जन्मलेल्या माणसाने पाठीला पाय लावला की उसण उतरते, ही समजूत महाराष्ट्रात सगळीकडे आहे. अचानक भरलेली उसण बहुतेकांची काही दिवस ते काही आठवड्यांत आपोआप कमी होते, आणि श्रेय शेवटी जो भेटला त्याला मिळतं. हलका पाय लावून घेतला तर माझी हरकत नाही. मानेला झटका देऊन ‘कट्‌’ वाजवणाऱ्याकडे मात्र जाऊ नये. तो आवाज हाड बसल्याचा नसतो, सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याचा असतो. आणि अशा झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या, विरळ असल्या तरी खऱ्या, घटना वैद्यकात नोंदलेल्या आहेत.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र ‘गॅप’ने केलं आहे. एक्स-रे काढला, गादी झिजलेली दिसली, डॉक्टरांनी घाईत “मणक्यात गॅप आहे” म्हटलं, की चाळिशीतली धडधाकट बाई पाण्याची गुंडी उचलायला घाबरते. 2015 साली 33 अभ्यास एकत्र करून पाठ अजिबात न दुखणाऱ्या 3,110 लोकांच्या तपासण्या पाहिल्या गेल्या. विशीतल्या 37 टक्के लोकांच्या गादीची झीज झालेली दिसली, ऐंशीच्या घरात 96 टक्के. फॅसेट सांध्यांची झीज विशीत 4 टक्के, तर ऐंशीत 83 टक्के. यांपैकी कुणालाही दुखत नव्हतं, हे विसरू नका. झीज म्हणजे वय. फोटोत झीज दिसली म्हणून दुखणं तिथलंच, हा निष्कर्ष निघत नाही. फोटो चांगला आला म्हणून बाई नाटक करते, हाही निघत नाही.

मग दुखणं या सांध्यांचं आहे हे ओळखायचं कसं? मागे झुकताना, वळताना, फार वेळ उभं राहिल्यावर वाढतं. बसल्यावर किंवा किंचित पुढे झुकल्यावर उतरतं. कळ ढुंगण आणि मांडीपर्यंत जाते, गुडघ्याखाली क्वचितच. दरेकशाजवळच्या कचारगडाच्या गुहेकडे चढताना बरं वाटतं आणि उतरताना कंबर बोलते, तेही याच जातीचं असू शकतं. हे सगळे अंदाज आहेत. पक्कं निदान त्या सांध्याच्या नसेजवळ, एक्स-रे यंत्रात पाहत, बधिर करणारी सुई देऊनच होतं, आणि ती वेळ फार थोड्यांवर येते.

सुई म्हटलं की दुसरी भीती निघते: कुटुंबनियोजनाच्या किंवा सिझरच्या वेळी कंबरेत दिलेल्या सुईने आयुष्यभराचं दुखणं लावलं. टोचल्या जागी काही दिवस दुखतं, हे खरं. पण प्रसूतीवेळी अशी सुई घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना झाली आहे, आणि पुढच्या वर्षांतल्या कंबरदुखीत फरक आढळला नाही. गरोदरपणाने ढिले झालेले स्नायू, कडेवरचं मूल आणि सव्वा महिना पुरा होण्याआधी सुरू झालेलं काम, याकडे बोट कुणी दाखवत नाही.

“पडून राहा” हा सल्लाही जुना झाला. 1986 मध्ये अमेरिकेत काही रुग्णांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस पडून राहायला सांगितलं. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे 45 टक्के कमी झाले, आणि बरं होण्यात सात दिवसवाले पुढे नव्हते. कडक जमिनीवर झोपण्याचंही तसंच. 2003 च्या स्पेनमधल्या प्रयोगात अगदी कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर लोकांचं दुखणं जास्त कमी झालं. झोळ पडलेली खाट टाळा, जमिनीवर दुहेरी गोधडी घाला, एवढं पुरे. शेक घ्या. पाठीवर झोपून गुडघे छातीशी घ्या, मग पाय टेकवून कंबर वर उचला. रोज, दुखणं थांबल्यावरही. दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी उपाशीपोटी, दिवसभर घाम गाळून घेऊ नये, मूत्रपिंडावर ताण येतो. नाव नसलेल्या पुडीत स्टिरॉइड असू शकतं, ती नकोच.

मानेचं थोडक्यात. मोळी किंवा धानाचा भारा डोक्यावर असतो तेव्हा मानेचे हेच सांधे दाबले जातात. भारा दोन खेपांत आणावा. पट्टा चार दिवस ठीक, महिनोन्‌महिने घातला तर स्नायूच दुबळे होतात. आणि कूस बदलताना घर गरगरतं ते बहुधा मानेमुळे नाही. त्याचा उगम कानाच्या आतल्या भागात असतो आणि डोकं ठराविक रीतीने फिरवून डॉक्टर ते बरं करतात.

काही दुखणी मात्र सांध्यांची नसतात आणि या भागात ती आवर्जून आठवावी लागतात. रात्री वाढणारं दुखणं, संध्याकाळचा ताप आणि उतरणारं वजन असेल, तर मणक्याचा क्षयरोग तपासावा. लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, जांघेची जागा बधिर झाली, पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. तालुक्यात सालेकशाला ग्रामीण रुग्णालय आहे आणि गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. आणि कोवळ्या पोराची पाठ, हातपाय अचानक असह्य दुखू लागले तर उसण समजून चोळत बसू नये. गोंदिया जिल्ह्यात सिकलसेल आहे. वाकड्या झालेल्या तांबड्या पेशी रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडांत अशीच कळ उठते. थंडी, ताप किंवा पाणी कमी पडणं यांनी ती सुरू होते. 1 जुलै 2023 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत याची रक्ततपासणी होते, तेव्हा आशाताईंना विचारावं आणि पोराचं कार्ड करून घ्यावं.