वही कोणाच्या हातात?

गणपतीपुळ्याचा पर्यटन व्यवसाय म्हटला की डोळ्यांपुढे एम.टी.डी.सी.चे निवासस्थान आणि मोठी हॉटेले येतात. परंतु त्या गर्दीवर जगणारा वर्ग वेगळाच आहे. कोकम सरबत, आंबापोळी, फणसपोळी विकणारा टपरीवाला, घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देणारे कुटुंब, घरगुती खाणावळ चालवणारी बाई, लॉजच्या चादरी धुऊन देणारा माणूस. यांत आपले समाजबांधवही आहेत. कष्टात ते कोणाला हार जाणार नाहीत. तरीही चार हंगाम होतात न होतात तोच धंदा का बसतो? आमच्या मते एक मोठे कारण असे की, धंदा डोक्यात असतो, कागदावर नसतो.

गंमत अशी की, कागद सांभाळण्याची शिस्त आपल्याला नवी नाही. कोकणातील बौद्धवाडीचे मंडळ घ्या. गाव शाखा, मुंबई शाखा, वर्गणीची पावती, सभेचे इतिवृत्त, वर्षाचा जमाखर्च! पाच रुपयांचा फरक आला तर खजिनदाराला भर सभेत जाब विचारतात. तोच खजिनदार सकाळी स्वतःच्या टपरीवर बसला की गल्ला आणि खिसा एक करून टाकतो.

रत्नागिरी जिल्ह्याला तरी वहीचे महत्त्व सांगायला नको. खोती होती तेव्हा राबणारे कूळ आणि दप्तर खोताचे. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. आज खोत नाही. पण ज्याच्याकडे लिखाण त्याचा शब्द खरा, हे मात्र तसेच राहिले आहे.

वकिली करताना आम्हाला हे वारंवार दिसते. चादरी धुणारा येतो, म्हणतो, "साहेब, दोन महिन्यांचे पैसे अडलेत." बिल कुठे? नाही. किती नग दिले, कोणी घेतले? "तोंडी व्यवहार होता." वास्तविक सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ त्याच्या बाजूने उभा आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी फार तर ४५ दिवसांत पैसे दिलेच पाहिजेत. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते आणि दाद मागायला स्वतंत्र परिषद आहे. (नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला हे संरक्षण नाही, माल बनवणाऱ्याला व सेवा देणाऱ्याला आहे.) पण त्यासाठी काम घेण्याआधी उद्योगाची नोंदणी हवी आणि प्रत्येक गठ्ठ्यामागे सही घेतलेले चलन हवे. कागदच नसेल तर कायदा काय करणार?

खोल्या देणाऱ्यांची गोष्ट निराळी. अंगारकी किंवा दिवाळीच्या आठवड्यात नवऱ्याने फोनवर एका कुटुंबाला होकार द्यायचा आणि बायकोने त्याच खोलीसाठी दुसऱ्याला. मग ऐनवेळी दारात भांडण. फोनशेजारी एकच रजिस्टर ठेवावे. तारीख, खोली, नाव, आगाऊ रक्कम आणि फोन कोणी घेतला, एवढेच. ज्याची नोंद नाही, त्याला खोली नाही.

आणि पावसाळा! जूनपासून चार महिने समुद्र खवळलेला, टपरीवर गिऱ्हाईक तुरळक. समजा, हंगामाच्या आठ महिन्यांत खर्च वजा जाता दरमहा ३०,००० रुपये उरले, तर वर्षाचे २,४०,००० झाले. म्हणजे घराला महिना २०,०००च मिळतात. वरचे १०,००० पावसाळ्याचे आहेत. मे महिन्यात भरलेला गल्ला पाहून हे कोणाच्या ध्यानात राहत नाही. वही असेल तर राहते. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ असो की बँकेचे मुद्रा कर्ज, तिथेही उलाढालीचा प्रश्न येतोच; दोन वर्षांची वही पुढे ठेवणारा माणूस वेगळ्या आवाजात बोलतो.

वहीने जात जाईल, अशा भ्रमात आम्ही नाही. १९१७ साली परदेशातून परतल्यावर बाबासाहेबांनी शेअर व्यापाऱ्यांना सल्ला देणारी संस्था काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईके बंद झाली. त्यांच्या हिशेबात का कमतरता होती? आजही आडनाव ऐकून खोली नाकारणारा पर्यटक भेटतो. त्याच्याशी झगडा वेगळा आहे आणि तो चालूच राहील. पण आपला स्वतःचा पैसा आपल्याच गाफीलपणाने जावा, याला मनुवादी कसा जबाबदार?

मंडळांनी जूनमध्ये गिऱ्हाईक कमी असताना दोन संध्याकाळी व्यावसायिक बांधव-भगिनींना बोलवावे. खजिनदाराने रोजची जमा, खर्च, उधारी व शिल्लक माल कसा लिहायचा ते शिकवावे. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी तिथेच मोबाईलवर उद्यम नोंदणी करून द्यावी. १ जुलै २०२० पासून ती सुरू आहे व तिला फी नाही. कोणी दलाल पैसे मागत असेल तर देऊ नयेत.