नव्वद आणि नव्वद

१८ मे २००८. फ्रान्समधल्या ल माँच्या ट्रॅकवर मोटरसायकलची शर्यत संपली होती. व्हॅलेंटिनो रॉसीने कारकिर्दीतला नव्वदावा विजय मिळवला, पण त्यानंतर त्याची यामाहा चालवत होते एकसष्ट वर्षांचे आन्हेल निएतो आणि जिंकलेला रॉसी त्यांच्या मागच्या सीटवर होता. वडिलांच्या मागे मुलगा बसावा तसा. स्पेनच्या निएतोंच्या नावावरही बरोब्बर नव्वद विजय होते, म्हणून हा थाट.

ते दृश्य मला फार आवडतं. पण मोटरसायकल शर्यतींवर प्रेम करणाऱ्या माणसाला तिथेच एक प्रश्न पडतो. हे दोन नव्वद सारखे आहेत का?

निएतोंचे नव्वद विजय ५०, ८० आणि १२५ सीसीच्या बाइकवरचे. रॉसीच्या तेव्हाच्या नव्वदांपैकी १२ विजय १२५ गटातले, १४ विजय २५० गटातले आणि उरलेले ६४ सर्वांत मोठ्या गटातले. आपल्याकडे कुस्तीत गट म्हटलं की पैलवानाचं वजन डोळ्यांसमोर येतं. इथे गट ठरतो तो इंजिनावर. १९४९ मध्ये जागतिक स्पर्धा सुरू झाली तेव्हा १२५, २५०, ३५० आणि ५०० सीसी असे गट होते, शिवाय साइडकारचा वेगळा. ५० सीसीचा गट १९६२ मध्ये आला. आज तीन गट उरले आहेत: मोटो३, मोटो२ आणि मोटोजीपी. मोटो३ मध्ये २५० सीसीचं एक सिलिंडरचं इंजिन, मोटो२ मध्ये सगळ्यांना ट्रायम्फचं ७६५ सीसीचं एकसारखं इंजिन आणि मोटोजीपीत १००० सीसी.

फरक किती, ते एका गोष्टीवरून कळेल. मोटोजीपीची नुसती बाइक किमान १५७ किलोची असावी लागते. मोटो३ मध्ये बाइक आणि रायडर दोघांचं मिळून किमान वजन १५२ किलो.

म्हणून लहान गट सोपा, असं अनेक जण धरून चालतात. मला ते अजिबात पटत नाही. लहान इंजिनात ताकद जेमतेम असते. वळणावर एकदा वेग गमावला की तो परत मिळवताना पुढची सगळी सरळ वाट संपून जाते. त्यामुळे रायडर ब्रेक जपून वापरतो, बाइक वाकलेली असतानाही वेग सांभाळतो आणि सरळ रस्त्यावर पुढच्याच्या पाठीला चिकटून वारा चुकवतो. सगळेच हे करत असल्याने मोटो३ मध्ये शेवटच्या लॅपला दहा-पंधरा जणांचा घोळका एकत्र असणं नेहमीचंच. कोणत्या वळणावर पहिलं असायचं आणि कुठे मुद्दाम दुसरं राहायचं, हा हिशेब ज्याला जमतो तो जिंकतो. निएतो त्या हिशेबात निष्णात होते. जगज्जेतेपदं तेरा, पण अंधश्रद्धेपोटी ते तो आकडा उच्चारत नसत. ‘बारा अधिक एक’ म्हणत.

मोठ्या गटात प्रश्नच उलटा होतो. मोटोजीपीच्या इंजिनात इतकी ताकद आहे, की २०२३ मध्ये मुजेल्लोच्या ट्रॅकवर ब्रॅड बाइंडरचा वेग ताशी ३६६.१ किलोमीटर नोंदला गेला. ही ताकद मागच्या टायरमधून जमिनीत उतरवायची कशी, यात तिथल्या रायडरचं सारं आयुष्य जातं. अंगकाठीचाही संबंध येतो. दानी पेद्रोसा लहान चणीचा. १२५ मध्ये एक आणि २५० मध्ये दोन जगज्जेतेपदं त्याने जिंकली. मोठ्या गटात ३१ शर्यती जिंकल्या, पण विजेतेपद कधीच मिळालं नाही. इतक्या हलक्या माणसाला टायर दाबून गरम करणं जड जातं. त्याला केवळ ‘विजेतेपद न मिळालेला’ म्हणून बाजूला सारणारे त्याच्यावर अन्याय करतात.

विजेतेपदंच मोजायची, तर जाकोमो आगोस्तिनी सगळ्यांच्या वर. ५०० सीसीत आठ, ३५० मध्ये सात, एकूण पंधरा. शिवाय १२२ विजय. पण त्या काळात एकाच दिवशी दोन गटांत उतरायची मुभा होती. १९६७ मध्ये माइक हेलवूडने आयल ऑफ मॅनला एकाच आठवड्यात २५०, ३५० आणि ५०० अशा तिन्ही शर्यती जिंकल्या. त्याच वर्षी ५०० सीसीत हेलवूड आणि आगोस्तिनी यांचे गुण सारखे, पाच-पाच विजयही सारखे. दुसरे क्रमांक आगोस्तिनीचे जास्त म्हणून विजेतेपद त्याच्याकडे गेलं. हंगाम संपल्यावर हेलवूडच्या होंडाने माघार घेतली. १९६८ मध्ये आगोस्तिनीने एमव्ही अगुस्तावर ५०० च्या दहाच्या दहा आणि ३५० च्या सातच्या सात शर्यती जिंकल्या. तोडीस तोड यंत्रच समोर नव्हतं.

माझ्या लेखी आगोस्तिनी मोठा ठरतो तो या सतरा विजयांमुळे नव्हे. वर्षानुवर्षं चार-स्ट्रोक एमव्ही चालवून १९७४ मध्ये तो दोन-स्ट्रोक यामाहाकडे गेला आणि १९७५ मध्ये तिच्यावर ५०० चं विजेतेपद मिळवलं. बाइक बदलली की रायडर उघडा पडतो.

रॉसीनेही हेच केलं. २००३ पर्यंत तो होंडावर जिंकत होता आणि श्रेय यंत्राचं की माणसाचं, हा वाद चालू होता. २००४ ला त्याने यामाहा घेतली. दक्षिण आफ्रिकेत वेल्कमला पहिलीच शर्यत, आणि होंडावरच्या माक्स बियाजीला त्याने ०.२१० सेकंदांनी हरवलं. रेषा ओलांडल्यावर त्याने बाइक ट्रॅकच्या कडेला उभी केली, तिथेच खाली बसला आणि हेल्मेटमधलं डोकं गुडघ्यांत घातलं. मग उठून बाइकचं चुंबन घेतलं. वाद त्या दिवशी मिटला.

पण रॉसीचा पुढचा अध्याय त्याच्या चाहत्यांना आवडत नाही. २०११ आणि २०१२ अशी दोन वर्षं तो डुकाटीवर होता. एकही विजय नाही. त्याच कंपनीच्या बाइकवर केसी स्टोनरने चार हंगामांत २३ शर्यती जिंकल्या होत्या आणि २००७ चं विजेतेपदही. २००८ मध्ये स्टोनर दुसरा आला, तर त्याच संघातला मार्को मेलांद्री सतरावा! स्टोनर सत्ताविसाव्या वर्षी निवृत्त झाला. मोठ्या गटातली त्याची विजेतेपदं दोन, रॉसीची सात. तरी निव्वळ हाताच्या कसबात मी स्टोनरला रॉसीच्या खाली ठेवणार नाही. एकाच गराजमधल्या दोन रायडरांची तुलना, हीच मला त्यातल्या त्यात खरी तुलना वाटते.

गुणांचा हिशेबही फसवा असतो. १९९९ मध्ये एमिलियो आल्झामोरा एकही शर्यत न जिंकता १२५ सीसीचा जगज्जेता झाला. दर वेळी वरच्या क्रमांकांत येणं हेही कसबच. पण त्याच्या विजेतेपदाशेजारी मार्क मार्केझचं २०१४ चं विजेतेपद ठेवून बघा. त्याने हंगामातल्या पहिल्या दहाही शर्यती जिंकल्या होत्या.

या जगाशी आपला धागा मोटो३ मध्ये जुळला होता. मुंबईच्या महिंद्राने २०११ मध्ये मोटो३ च्या आधीच्या १२५ सीसीत पाऊल ठेवलं आणि जून २०१६ मध्ये नेदरलँड्समधल्या आसनला पहिला विजय मिळवला. त्या महिंद्रावर होता एकोणीस वर्षांचा फ्रान्चेस्को बन्याया. त्याचाही तो पहिलाच विजय. २०१७ नंतर महिंद्राने हा खेळ सोडला, पण बन्याया २०१८ मध्ये मोटो२ चा आणि २०२२, २०२३ मध्ये मोटोजीपीचा जगज्जेता झाला. निएतो ज्या लहान गटांच्या शाळेतले, तिचाच हा विद्यार्थी.

मग २०२५ मध्ये डुकाटीच्या संघात त्याच्या शेजारी मार्केझ आला. २०२० मध्ये हेरेझच्या शर्यतीत हात मोडून, एकामागून एक शस्त्रक्रिया सोसून परतलेला. गराज तेच, बाइक तीच. मार्केझने हंगाम एकहाती गाजवला आणि दोन वेळचा जगज्जेता बन्याया वळणात बाइक शिरवतानाच चाचपडत राहिला. २८ सप्टेंबरला जपानमध्ये मोतेगीला मात्र बन्याया सुरुवातीपासून पुढे होता. शेवटच्या टप्प्यात त्याच्या डुकाटीच्या मागून पांढरा धूर येऊ लागला. थांबावं लागणार असं वाटत असताना तो त्या धुरासकट रेषेपार गेला, पहिला. मागून दुसरा आलेला मार्केझ मोटोजीपीचा सातव्यांदा जगज्जेता झाला होता आणि हेल्मेटमध्ये रडत होता.