निळ्याचा जांभळा होतो तेव्हा

उमरखेड हा हळदीचा मुलूख. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. टोल्युइडिन ब्लू या रंजकाच्या पातळ निळ्या द्रावणात हेपॅरिनचे थेंब पडले की तेही जांभळट होतं. पण दोन्ही प्रकार वेगळे. चुन्याच्या अल्कलीनं हळदीतल्या कर्क्युमिनचा रेणूच बदलतो. हेपॅरिनमध्ये रंजकाचा रेणू तोच राहतो, बदलते ती रेणूंची मांडणी.

हेपॅरिन, अल्जिनेट यांच्या लांब शर्करासाखळ्यांवर पाण्यात ऋणभार असतो, तर रंजकावर धनभार. त्यामुळे रंजकाचे रेणू साखळीवर ओळीनं चिकटतात, एकमेकांना खेटतात आणि कमी तरंगलांबीचा प्रकाश शोषू लागतात. ऊतकं रंगवताना पॉल एर्लिक यांनी 1870 च्या दशकात हा पालट नोंदवला.

डोळ्यांना जांभळं दिसतं; किती रेणू चिकटले हे सांगतो स्पेक्ट्रोफोटोमीटर. मेथिलीन ब्लू या तशाच रंजकाचं सुटं द्रावण 664 नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक प्रकाश शोषतं. साखळी मिसळली की ते शिखर खचतं आणि त्याच्या डावीकडे नवं उभं राहतं. रंजक तेवढंच ठेवून प्रत्येक फ्लास्कमध्ये साखळीचं प्रमाण वाढवत न्यायचं आणि दोन्ही शिखरांच्या शोषणाचं गुणोत्तर आलेखावर मांडायचं. आलेख जिथे सपाट होतो, तिथे एका रंजकरेणूला साखळीवरचे किती भार लागतात ते कळतं. तेच वाचन वेगवेगळ्या तापमानांना घेतलं की बंधन किती घट्ट आहे, याचा हिशेब लागतो.

मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची पायरी: जुळलेलं पुन्हा तोडणं. मीठ घातल्यावर निळा रंग परतला, तर विद्युतभारांच्या ओढीचा वाटा दिसतो. युरिया किंवा अल्कोहोलनं परतला, तर रंजकरेणूंच्या आपसांतल्या चिकटण्याचाही वाटा आहे, हे उमगतं. मात्र हात स्वच्छ हवा. मेथिलीन ब्लू काचेलाही चिकटतं. द्रावण ठेवायची क्युव्हेट नीट धुतली नाही, तर पुढचं वाचन खोटं येतं.

याच तत्त्वावर कूर्चेतल्या सल्फेटयुक्त शर्करासाखळ्या मोजण्याची डायमेथिलमेथिलीन ब्लू चाचणी उभी आहे. शिवाय हा सगळा खेळ दृश्य प्रकाशात होतो, म्हणून महागडी क्वार्ट्झची क्युव्हेट लागत नाही, काचेची पुरते. उमरखेडच्या गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालयासारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांत शिकवणाऱ्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे: पदवीच्या शेवटच्या वर्षाला हा प्रयोग प्रकल्प म्हणून द्या, आणि आलेख मुलांना स्वतःच्या हातानं काढू द्या.